वर्गणीचा हिशेब मागणारी वस्ती निर्णयाचा हिशेब का मागत नाही?

जयंती झाली की आठ-दहा दिवसांत आमच्या वस्तीत एक बैठक हमखास होते. विहारात सतरंजी अंथरली जाते, त्रिसरण-पंचशील होते आणि समितीचा खजिनदार वही उघडतो. पावती पुस्तके किती छापली, किती परत आली, मंडपाला किती गेले, साउंडवाल्याला किती, भोजनदानाला किती. दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत एक आजी उठल्या. घरोघरी धुणीभांडी करून जगणारी बाई. म्हणाल्या, "माझे एकावन्न रुपये वहीत कुठं हायेत, दाखव बरं." खजिनदाराने पाने उलटली आणि नावावर बोट ठेवून दाखवले. कोणी हसले नाही, कोणी त्यांना खाली बसवले नाही. पैसा तिचा, म्हणून हिशेबही तिचा, हे सगळ्यांना मान्य होते.

त्याच वस्तीत, त्याच विहाराच्या पायरीवर बसून, पुढच्या निवडणुकीत आपल्या पक्षाने कोणाशी युती केली हे आम्ही मोबाइलवर वाचले. ज्यांच्याविरुद्ध पाच वर्षे घोषणा दिल्या त्यांचेच झेंडे आता आपल्या झेंड्याशेजारी बांधायचे होते. दोन दिवस कुरबूर झाली. मग गाड्या आल्या, पत्रके आली आणि आम्ही कामाला लागलो. हा निर्णय कोणी घेतला, कुठल्या बैठकीत घेतला, आम्हाला का विचारले नाही, हे आजींनी विचारले नाही. समाजशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या आमच्यासारख्यांनीही विचारले नाही.

एकावन्न रुपयांचा हिशेब मागणारी वस्ती आपल्या मताचा हिशेब मागत नाही. असे का होते, याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधतो आहोत. आंबेडकरी पक्षांच्या फुटीबद्दल आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. नेते स्वार्थी निघाले, हे एक. काँग्रेसने फोडले, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. पण स्वार्थी माणसे आणि फोडणारे सत्ताधारी सगळ्याच पक्षांच्या वाट्याला येतात. आमचे म्हणणे असे की, आपल्या पक्षांत निर्णय कोणी आणि कोणत्या रीतीने घ्यायचा याची पद्धत खालपर्यंत कधी रुजलीच नाही. ज्या वस्तीने पैसा दिला, तुरुंग भरले, लाठ्या खाल्ल्या, तिला निर्णयात जागा मिळाली नाही. फूट तिथून सुरू होते.

बाबासाहेब निर्णय कुठे मांडत?

डिसेंबर १९२७, महाड. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन झाले होते. आता सत्याग्रह परिषदेसाठी हजारो माणसे जमली होती. पण सनातन्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता आणि जिल्ह्याचा कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन सत्याग्रह करू नका असे सांगून गेला. सत्याग्रह करायचा की तहकूब करायचा? बाबासाहेब तंबूत बसून एका ओळीचा आदेश काढू शकले असते. त्यांचा शब्द कोणी मोडला नसता. तसे झाले नाही. प्रश्न परिषदेपुढे आला. माणसे बोलली. सत्याग्रह करायचाच असे बहुतेकांचे म्हणणे पडले, हजारोंनी नावेही नोंदवली. त्यानंतर बाबासाहेबांनी तहकुबीच्या बाजूने आपली कारणे मांडली, पुन्हा चर्चा झाली आणि परिषदेने ठराव बदलला. लोक हिरमुसले, पण फुटले नाहीत, कारण निर्णय त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता.

दुसरा प्रसंग १९३६ चा. आदल्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. धर्म कोणी सोडायचा हा ज्याच्या त्याच्या आयुष्याचा प्रश्न. म्हणून मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत मुंबई इलाखा महार परिषद भरवली गेली आणि धर्मांतराचा प्रश्न तिथे विचारासाठी ठेवला गेला. बाबासाहेबांनी त्या परिषदेत केलेले भाषण आज 'मुक्ती कोन पथे?' या नावाने आपण वाचतो. त्या भाषणाचा घाट बघा. एक बाजू, दुसरी बाजू, आक्षेप, आक्षेपाला उत्तर, असे ते पुढे जाते. हुकूम द्यायचा असता तर इतके लांब भाषण कशाला केले असते? अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाला पटवून द्यावे लागते, असे मानणाऱ्या माणसाचे ते भाषण आहे.

तिसरा प्रसंग नागपूरचा, जुलै १९४२. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना ज्या अधिवेशनात झाली, त्याच मांडवात २० जुलैला स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेत घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला, एकाहून अधिक बायका करण्याच्या चालीविरुद्ध ठराव झाला, गिरणी आणि बिडी कारखान्यांतल्या कामकरी बायकांच्या रजेचा ठराव झाला, कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा हव्यात असाही ठराव झाला. ८० वर्षांहून अधिक काळ लोटला. आज आपल्या कुठल्या पक्षाच्या मांडवात बायका स्वतःचे ठराव स्वतः मांडून मंजूर करून घेतात? आज बायका मांडवात असतात त्या स्वागतगीतासाठी, नाहीतर गर्दीसाठी.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाबासाहेबांच्या हयातीत त्यांचा अधिकार इतका मोठा होता की परिषदेतला ठराव आणि त्यांचा शब्द यांत अंतर फार क्वचित पडत असे. स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात १७ जागा लढवून १४ जिंकल्या, त्यात बाबासाहेबांच्या नावाचा वाटा सर्वांत मोठा होता. चळवळीला त्या नावाची सवय झाली. परिषदेत चर्चा होत असे, पण परिषदेविना पक्ष चालवायची सवय कोणी करून ठेवली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर टीका केली. जुलै १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पुढच्या पक्षाला कार्यकर्ता घडवावा लागेल, एका माणसाच्या पुण्याईवर तो चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण तेवढा अवधी मिळाला नाही. ते विद्यालयही त्यांच्या जाण्यानंतर काही महिन्यांतच बंद पडले.

संघाकडे जे होते ते पक्षात का नाही?

२५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आपण दरवर्षी संविधान दिनाला वाचतो. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्यातला भाग कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात आणखी एक मुद्दा आहे आणि तो आपण घाईत ओलांडून जातो. संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नाही, बौद्ध भिक्खू संघांना ती माहीत होती, हे बाबासाहेब तिथे तपशिलाने सांगतात. ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान, अविश्वास हे सगळे संघात होते, असे ते दाखवून देतात.

विनयपिटकात हे नियम लिहिलेले आहेत. संघापुढे विषय आणायचा तर आधी ज्ञप्ती, म्हणजे ठरावाची सूचना द्यावी लागे. महत्त्वाच्या विषयात ती मांडल्यावर तीनदा विचारले जाई. ज्याला मान्य आहे त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या वाटून मत घेतले जाई. त्या काड्या वाटणारा भिक्खू संघच नेमत असे, आणि तो आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा, अशी अट होती. आजच्या भाषेत हा निवडणूक अधिकारी झाला. आजारी भिक्खूला येता आले नाही तर त्याची संमती दुसऱ्यामार्फत कळवायची सोय होती. आजारी माणसाचेही मत हवे, इतका तो विचार पोचलेला होता.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे भगवान बुद्धांनी वारस नेमला नाही. महापरिनिब्बानाच्या आधी आनंदाला त्यांनी सांगितले की, माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ता. राजगृहात पहिली संगीती झाली तेव्हा महाकाश्यप अध्यक्षस्थानी होते, पण त्यांनीही विषय ज्ञप्तीच्या रीतीने संघापुढे ठेवूनच काम सुरू केले. आपण दर रविवारी विहारात 'संघं सरणं गच्छामि' म्हणतो. संघाला शरण जायचे आणि पक्षात मात्र एका माणसाला शरण जायचे, हे कसे चालते? आमच्या मते आपण बुद्धाची वंदना घेतली आणि विनय तिथेच ठेवून आलो.

नागपूर १९५७ ते धोतर विरुद्ध पँट

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि एन. शिवराज अध्यक्ष झाले. फेडरेशन जातीपुरते राहिले, आता सर्व शोषितांचा पक्ष हवा, ही बाबासाहेबांची कल्पना होती. त्यांनी खुल्या पत्रातून ती मांडून ठेवली होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढून चांगले यश मिळाले होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले होते. वारा अनुकूल होता.

दोनच वर्षांत, १९५९ साली, पहिली फूट पडली. बी. सी. कांबळे आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांच्या गटाला 'दुरुस्त' रिपब्लिकन म्हटले जाऊ लागले. मग दुसरा गट आपोआप 'नादुरुस्त' ठरला. लोकांनी त्याचे नाव 'धोतर विरुद्ध पँट' असेही केले. दुरुस्तवाल्यांचे म्हणणे होते की पक्ष शिकलेल्या माणसांनी, घटनात्मक मार्गाने चालवावा, जमिनीचे लढे हा कम्युनिस्टांचा रस्ता आहे. दादासाहेबांचे म्हणणे होते की खेड्यातला आपला माणूस भूमिहीन आहे, त्याच्या पोटाला हात घातल्याशिवाय पक्ष उभा राहणार नाही.

आमचा कल दादासाहेबांकडे आहे, हे लपवत नाही. पण इथे कोण बरोबर होते हा प्रश्न बाजूला ठेवा. जमिनीचा लढा करायचा की नाही, हा वाद कोणाच्या आयुष्याचा होता? मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगरकडच्या भूमिहीनांचा. तो प्रश्न तालुक्यातालुक्यांतून त्यांच्यापुढे जाऊन, चर्चा होऊन, मत घेऊन सुटायला हवा होता. महाडला तसे झाले होते. इथे वाद वर झाला, वरच चिघळला आणि खाली फक्त निकाल पोचला की आता दोन पक्ष आहेत, तुम्ही कोणाचे ते सांगा.

लोकांनी आपले मत दिले, पण कागदावर नव्हे. १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहात ते उतरले. ६ डिसेंबर १९६४ ला देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली असे सांगितले जाते. कडेवर पोरे घेऊन बायका गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या नेत्या त्यात होत्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. तैलचित्र लागले १९९० साली आणि बौद्धांच्या सवलतींचा केंद्राचा निर्णयही १९९० सालचाच. तुरुंगात जाऊन मागितलेल्या गोष्टी पदरात पडायला २६ वर्षे गेली. आज त्या सवलतीवर शिकलेले आपण, त्या बायकांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

तीन लाख माणसे तुरुंगात जाऊ शकतात, तर तीन लाख माणसे मत देऊ शकत नव्हती का? तीनच वर्षांत, १९६७ साली, जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या वेळी काँग्रेसशी समझोता झाला. ज्या सरकारने अटक केली त्याच सरकारच्या पक्षाशी हातमिळवणी. त्या समझोत्याची कारणे असतीलही. गावातली सत्ता ज्यांच्या हाती, त्यांच्याशी जुळवून घेतल्याशिवाय आपल्या माणसाला संरक्षण नाही, हा विचार काही खोटा नव्हता. पण तो विचार सत्याग्रहींपुढे मांडला गेला का? तुरुंगात जाताना त्यांची गरज होती. समझोत्याच्या वेळी लागली नाही.

पुढे १९७० च्या सुमारास दादासाहेब गायकवाड आणि बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचे गट वेगळे झाले. कोणी काँग्रेसमध्ये गेले, कोणी स्वतःच्या नावाचा कंस पक्षाच्या नावापुढे लावला. हा कंस आपल्या इतिहासाची मोठी खूण आहे. पक्षाच्या नावापुढे माणसाचे आडनाव येते तेव्हा पक्ष कोणाचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच काळात उत्तर प्रदेशात काय झाले तेही पाहावे. १९६२ च्या लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार निवडून आले आणि तिघेही उत्तर प्रदेशातले होते. अलीगढचे बी. पी. मौर्य त्यात होते. तिथल्या कार्यकर्त्यांनी जाटव आणि मुस्लिम मतदारांची एकजूट बांधली. तिथली परिस्थिती तिथल्या माणसांना कळत होती, म्हणून त्यांना तो रस्ता सापडला. नागपुरात किंवा मुंबईत बसून तो सापडला नसता. त्या यशातून शिकून राज्याराज्यांच्या शाखांना बळ देणारा पक्ष उभा राहू शकला असता. पण मौर्य पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि तिथली बांधणी विखुरली, कारण तीही माणसाभोवती होती.

पँथरच्या छावण्या

इथे कोणी म्हणेल, मग दलित पँथर बघा. १९७२ साली मुंबईत सुरू झालेल्या पँथरला ना कार्यालय होते, ना वरून येणारा आदेश. पोरे एकत्र येत आणि आपल्या वस्तीत छावणी काढत. मुंबई, पुणे, औरंगाबाद, नाशिक, जिथे अत्याचाराची बातमी येई तिथे छावणी उभी राही. खरे विकेंद्रीकरण ते हेच नाही का?

अर्धे तेच. छावणीला कृतीचे स्वातंत्र्य होते, पण निर्णयात मत नव्हते. १९७३ साली पँथरचा जाहीरनामा छापला गेला. तो संघटनेचा जाहीरनामा, पण राजा ढाले यांनी तो मान्य नसल्याचे सांगितले. नामदेव ढसाळ विरुद्ध राजा ढाले, मार्क्स विरुद्ध बुद्ध, असा तो वाद आपण आजही चघळतो. वाद मोठा होता, तात्त्विक होता, व्हायलाच हवा होता. पण जाहीरनामा छापण्याआधी तो छावण्यांत वाचला गेला असता, दुरुस्त्या आल्या असत्या, बहुमत-अल्पमत ठरले असते, तर तोच वाद संघटनेचे शिक्षण ठरला असता. १९७४ च्या सुरुवातीला वरळीत दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाला, आणि त्याच वर्षी पँथर फुटली. १९७७ साली ढाले यांच्या गटाने पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. ज्या पोरांनी आपल्या हिमतीवर छावण्या उभ्या केल्या होत्या, त्यांना छावणी संपल्याचे जाहीर निवेदनातून कळले. अनेकांनी ते मानले नाही आणि भारतीय दलित पँथर या नावाने काम पुढे चालू ठेवले.

धडा असा की, नुसते विखुरलेले असणे म्हणजे विकेंद्रित असणे नव्हे. खाली स्वातंत्र्य आणि वर मनमानी, अशीही संघटना असू शकते. विकेंद्रीकरणाला लिहिलेली रीत लागते. शाखेचा अधिकार काय, प्रतिनिधी कसा निवडायचा, प्रतिनिधीने परत येऊन शाखेला काय सांगायचे, हे ठरलेले लागते.

ही रीत आपल्याला येत नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईतल्या कोकणी बौद्ध बांधवांना बौद्धजन पंचायत समिती माहीत आहे. शाखा क्रमांक, गट क्रमांक, शाखेचे चिटणीस, गटाचे प्रतिनिधी, मासिक सभा, इतिवृत्त वाचून कायम करणे, हे सगळे चाळीतल्या गिरणी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले. सातवी शिकलेला चिटणीस सुवाच्य अक्षरात इतिवृत्त लिहीत असे. लग्न, मयत, वर्गणी यांसाठी जी लोकशाही आपण चालवू शकतो, ती पक्षाच्या दारात पोचताच कुठे हरवते?

ऐक्य झाले, पण कोणाचे?

नामांतराचा लढा १९७८ ते १९९४, म्हणजे सोळा वर्षे वस्त्यांनी चालवला. पोचीराम कांबळेंपासून गौतम वाघमारेंपर्यंत माणसे गेली. त्या काळात गट कितीही असले तरी मोर्चात माणूस एकच होता. त्या माणसाचा रेटा असा होता की नेत्यांना एकत्र यावे लागले. १९९६ च्या सुमारास गट एकत्र आले आणि एका अध्यक्षाऐवजी अध्यक्षीय मंडळ नेमले गेले. १९९८ च्या लोकसभेत अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, असे चार खासदार निवडून आले. चारही खुल्या जागांवरून. त्या रात्री वस्त्यांत फुटलेले फटाके आमच्यातल्या मोठ्यांना अजून आठवतात. आम्ही तेव्हा शाळेत होतो.

वर्षभरातच ते ऐक्य मोडले. १९९९ च्या निवडणुकीत पुन्हा वेगळे झेंडे. का? आम्हाला वाटते, ते ऐक्य गटांच्या नेत्यांचे होते. मंडळात बसलेला प्रत्येक जण आपल्या गटाचा मालक म्हणून बसला होता, शाखांनी निवडून पाठवलेला प्रतिनिधी म्हणून नव्हे. अशा मंडळात मतभेद झाला की मतदान होत नाही, फक्त उठून जाणे होते. उठून जाणाऱ्याला थांबवणारे खाली कोणी नव्हते. तालुक्यातल्या शाखा एकत्र झाल्या असत्या, त्यांची एकच सभासद नोंद झाली असती, एकच निवडणूक झाली असती, तर नेता उठून गेला तरी शाखा जागेवर राहिली असती. ऐक्य व्यासपीठावर झाले, वहीत झाले नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप अभ्यासू मित्र घेतील. बाबासाहेबच विकेंद्रीकरणाच्या विरोधात होते ना? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेडे हे घटक मानायला नकार दिला आणि खेड्याच्या संकुचितपणावर कोरडे ओढले. त्याआधी १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर ही सत्ता आमच्या उरावर बसेल, अशी त्यांची भूमिका होती. हे सर्व खरे आहे. पण त्यांचा विरोध कशाला होता ते नीट वाचा. गावात सत्ता दिली की ती जमीनवाल्या वरच्या जातींकडे जाते, म्हणून संरक्षणाशिवाय गावाला सत्ता देऊ नका, हा तो मुद्दा. पक्षाची शाखा हे काही पाटलाचे गाव नव्हे. तिथे बसणारी माणसे आपलीच आहेत. तरी त्यांचा इशारा इथेही लागू आहे. आपल्या वस्तीतही दांडगा असतो, ठेकेदार असतो, बायकांना बोलू न देणारा असतो. म्हणून शाखेला अधिकार देताना बायकांच्या जागा, छोट्या जातींच्या कार्यकर्त्यांच्या जागा आणि गुप्त मतदान यांची हमी हवी. १९३२ साली बाबासाहेबांनी गावाला जी अट घातली, तीच आज आपण आपल्या शाखेला घालू.

दुसरा आक्षेप नेहमीचा. शत्रू बलाढ्य आहे, अशा वेळी चर्चा करत बसायचे का? एक नेता, एक आदेश हवा. यावर आमचे उत्तर असे की, शिस्त आणि मुकाट्याने ऐकणे यांत फरक आहे. समता सैनिक दल बाबासाहेबांनीच उभे केले, त्यांना शिस्तीचे वावडे नव्हते. पण ज्या निर्णयात माझा हात आहे तो पाळणे ही शिस्त, आणि जो निर्णय मला मोबाइलवर कळला तो पाळणे ही वेठ. वेठबिगारीतून सुटण्यासाठी ज्या समाजाने महार वतनाविरुद्ध लढा दिला, त्याने राजकारणात वेठ का करावी? आणि एका आदेशाने ताकद वाढते म्हणता, तर १९५९ पासून आदेश एकेकाचाच चालला, ताकद किती उरली?

सुरुवात आपल्या शाखेपासून

मित्रहो, आम्ही नवा पक्ष काढायला सांगत नाही. पक्षांची आपल्याकडे वाण नाही. आपण ज्या कोणत्या आंबेडकरी पक्षात, संघटनेत आहोत, तिथे राहूनच चार गोष्टी मागायच्या आहेत.

एक, पक्षाची घटना मागा आणि शाखेत मोठ्याने वाचा. निवडणूक आयोगाकडे नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला आपली घटना द्यावी लागते आणि त्यात अंतर्गत निवडणुकांची तरतूद असावी लागते. ती कागदावर आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो कागद पाहिला आहे?

दोन, सभासद नोंदीची वही शाखेत असू द्या, जयंतीच्या वहीसारखी. जो सभासद त्याला मत, आणि मत गुप्त. काड्या वाटणारा कसा असावा हे विनयाने सांगून ठेवलेच आहे.

तीन, युतीचा आणि उमेदवारीचा प्रस्ताव आधी शाखेत आणि तालुका सभेत यावा. निकाल नेतृत्वाच्या मनाविरुद्ध गेला तर नेतृत्वाने परत येऊन पटवून द्यावे. महाडला बाबासाहेबांना ते करावे लागले. आजच्या कोणत्याही नेत्याला ते कमीपणाचे वाटायचे कारण नाही.

चार, शाखेच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा बायकांच्या. ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत महाराष्ट्राने निम्म्या जागा दिल्या. आपल्या किती भगिनी तिथे सरपंच, सदस्य म्हणून बसतात, ग्रामसभा चालवतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला प्रश्न विचारतात. पक्षाच्या बैठकीत मात्र त्यांना चहाची व्यवस्था बघायला सांगितले जाते. नागपूरच्या १९४२ च्या ठरावांचे कर्ज अजून आपल्या डोक्यावर आहे.

हे मागितल्यावर तुम्हाला गद्दार म्हटले जाईल, कोणाचा तरी एजंट म्हटले जाईल. आम्हालाही म्हटले गेले. गेल्या महिन्यात आमच्या शाखेच्या बैठकीत आम्ही हाच विषय काढला, तेव्हा एक पदाधिकारी भडकले. वरचे निर्णय वरच होतात, असे त्यांनी सुनावले. बैठकीत शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून त्याच आजींचा आवाज आला, "वर म्हंजी कुठं? आमी खाली हाय का?"

पदाधिकाऱ्यांना उत्तर देता आले नाही. विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असा ठराव झाला. सूचक आजी, अनुमोदक आम्ही. इतिवृत्तात तशी नोंद आहे. पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त वाचून कायम करायचे आहे आणि आम्ही सगळे हजर राहणार आहोत. तुमच्या शाखेत हा ठराव कधी मांडता?

जयभीम!